शनिवारवाड्यात गाइड हवाच कशाला?

दुपारचा पुणेकर
शनिवारवाड्यात गाइड घेणं म्हणजे पैसे हिरवळीत टाकणं. आत आहे काय? तट, जोती, कोरडी कारंजी आणि सेल्फी काढणारी पोरं. बाकी सगळं आगीत गेलं, उरलेलं पाटीवर लिहिलंय. वाचता येत असेल तर गाइड नको आणि वाचता येत नसेल तर शनिवारवाडा नको.

दिंडीदार
शेवटचं वाक्य टाळ्यांसाठी आहे हे कळलं. तरी उत्तर देतो, कारण दर महिन्याला कुणीतरी हेच लिहितं.

महाल उभा असता तर गाइडची गरज नव्हती, तो आंधळ्यालाही दिसला असता. जोतं मात्र कुणीतरी वाचायला शिकवावं लागतं. दिल्ली दरवाज्यापाशीच बघा. एकेका झडपेवर 72 खिळे, आठ-नऊच्या ओळींत, हत्तीचं कपाळ येईल त्या उंचीवर. खिळ्यांसोबत सगळे फोटो काढतात. पण एका झडपेतली दिंडी, म्हणजे ते छोटं दार, किती जण बघतात? मोठं दार बंद ठेवून एकेका माणसाला वाकूनच आत घ्यायची सोय ती. दार ओलांडलं तरी सरळ वाड्यात शिरता येत नाही, आधी उजवीकडे वळा, मग डावीकडे, तेव्हा दुसरा दरवाजा. मुसंडी मारून आलेल्याचा जोर त्या वळणात संपतो आणि तो अंगावर मारा झेलत उभा राहतो. हे पाटीवर कुठे आहे? पाटीवर सनावळ्या. पायाभरणी 10 जानेवारी 1730, चला पुढे.

खिडकी दरवाजा
असा गाइड भेटला तर आम्हालाही कळवा. एरवी दरवाजा पाच मिनिटांत उरकतो आणि उरलेला अर्धा तास खून झालेल्या नारायणराव पेशव्यांचं “काका, मला वाचवा”. ही हाक ऐकू येते ती अमावास्येला की पौर्णिमेला, यावरही त्यांचं एकमत नाही. शिवाय “इंग्रजांनी तोफा डागून वाडा पाडला” ही पुडी. पुण्यावर इंग्रजांचं निशाण लागलं नोव्हेंबर 1817 मध्ये, वाडा जळला 27 फेब्रुवारी 1828 ला. दहा वर्षांनी तोफा कशाला डागतील? वरचे मजले लाकडाचे नि विटांचे, म्हणून आग सात दिवस पुरली. दगडी जोती तेवढी राहिली. इतकं सांगितलं तरी प्रत्येक चौथरा बोलायला लागतो. पण नाही, शेवटी ठेवणीतलं ध चा मा!

मोडीवाला
ते आनंदीबाईनं पत्रात ध चा मा केल्याचं एकदाचं बंद करा हो. मोडी लिपीत आधी आडवी रेघ ओढतात आणि अक्षरं तिला टांगत जातात, शब्दांत जागा सोडत नाहीत. “धरावे”चं “मारावे” करायचं तर ध पुसून म काढा, वर काना घुसवा. घुसवणार कुठे? र आधीच खेटून बसलाय. आणि ते मूळ पत्र आजवर कुणी दाखवलेलं नाही.

गारद्याचा हिशेब
खाडाखोडच केली असं कोण म्हणालं? कारकुनाकडून पत्रच नवं लिहून घेतलं असेल.

मोडीवाला
मग ते बनावट पत्र झालं, ध चा मा नव्हे. पेशवाईतल्या पत्राखाली लेखनसीमेचा, म्हणजे मजकूर संपल्याचा, शिक्का असतो, त्यामुळे शेपटीला काही जोडता येत नाही. नवं पत्र करायचं तर शिक्काही हवा. तो कुणी दिला ते सांगा, मग बाईचं नाव घ्या.

गारद्याचा हिशेब
तुम्हाला आनंदीबाईला सोडवायचंच आहे, लिपी हे निमित्त. 30 ऑगस्ट 1773 ला नारायणराव मेले, ही लिपीची चूक होती का?

मोडीवाला
मेले हे खरंच आहे. गारदी, म्हणजे पेशव्यांचे भाडोत्री शिपाई, थकलेला पगार मागत आत शिरले होते, हेही गाइडला सांगायला सांगा की. बाईला सोडवायचं नंतर बघू, आधी पुरावा देऊन धरा तरी. धरा म्हणतोय हं, मारा नव्हे.

खिडकी दरवाजा
ही कोटी फ्रेम करून नगारखान्यात लावा. विषय गाइडचा होता!

दुपारचा पुणेकर
वा. गाइडशिवाय तीन गाइड फुकटात मिळाले. दिंडी नव्हती बघितली, कबूल. पण वाटेल त्याला पैसे देणार नाहीच.

दिंडीदार
वाटेल त्याला द्यायला सांगितलंय कुणी? दारातच एक प्रश्न टाका: हजारी कारंज्याला पाणी कुठून यायचं? “विहिरीतून” म्हणाला की नमस्कार करून सुटा. कात्रजच्या तलावातून बंद नळाने, निव्वळ उताराच्या जोरावर, वाटेत हवा सुटायला उच्छ्वास, असं सांगणारा धरा. कमळाच्या पाकळ्या सोळा हे त्याला ठाऊक असतं. आणि नावात हजार असले तरी तोट्या दोनशेच्या आत, हेही तो न लपवता सांगतो. माणसं किती, भाषा कोणती, पैसे सगळ्यांचे मिळून किती, हे आत शिरण्याआधीच बोलून घ्या. सकाळी लवकर जा, आत सावली नाही.

मोडीवाला
आणि ध चा मा सुरू झालं की थांबवा.

गारद्याचा हिशेब
थांबवू नका, पूर्ण ऐका. मी खाली उभा असेन.