घरचं बी धरायचं तर चवळीपासून सुरुवात करा

पाकिटातल्या टोमॅटोचं बी धरलं आणि दुसऱ्या वर्षी प्रत्येक झाडाला वेगळंच फळ आलं, असं तुमचंही झालंय का? त्यात तुमची चूक नाही हो. पाकिटावर बहुतेक 'एफ1' (म्हणजे दोन वाणांच्या संकराची पहिली पिढी) लिहिलेलं असणार. संकरित वाणाचे गुण पुढच्या पिढीत विखुरतात. बी धरायचं तर गावठी वाणच घ्या.

माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी चवळी आणि अंबाडी. दोन्ही काटक, पाण्याची थोडी हयगय झाली तरी तग धरतात. चवळीचं फूल बहुतेक स्वतःच्याच परागावर फळतं, त्यामुळे शेजारच्या कुंडीत दुसरा वाण असला तरी भेसळ क्वचितच. सगळ्यात जोमदार वेलाच्या चार-पाच शेंगा खुणेचा दोरा बांधून सोडून द्यायच्या. (आमच्याकडे त्याच शेंगा नेमक्या भाजीत जातात!) वेलावरच कडकडीत वाळल्या की काढायच्या, सावलीत आणखी वाळवायच्या, मग चाळलेल्या राखेत घोळवून घट्ट झाकणाच्या बरणीत. तरी भुंगेरे लागतातच असा अनुभव असेल, तर नीट वाळलेलं बी आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा.

दुधी-भोपळ्याचं प्रकरण वेगळं. मधमाश्या कुठला पराग कुठे नेतील सांगता येत नाही. आणि घरच्या बियांचा दुधी कडू लागला तर तो अजिबात खाऊ नका, विषबाधा होते.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याला राहीबाई पोपेरे यांची गावठी बियाण्यांची बँक आहे. तिकडे गेलात तर जरूर बघा.