ब्लूटूथ बोअर गेज लावला तरी लाइन आणि सीएमएमचं माप जुळत नाही, कुठे बघू?

चाकणचा क्वालिटीवाला:
नमस्कार मंडळी. आमच्याकडे ॲल्युमिनियम हाउसिंग आहे, बोअर (आतलं गोल भोक) ४० एच७, म्हणजे ४०.००० ते ४०.०२५ मिमी. आधी पोरं रीडिंग कागदावर लिहायची, मग कस्टमर मागे लागला आणि सगळं डिजिटल केलं. आता ब्लूटूथवाला बोअर गेज आहे, बटण दाबलं की रीडिंग थेट टॅबवर, टॅबवर हिरवं-लाल दिसतं, आणि सॉफ्टवेअर त्यावरूनच मशीनला ऑफसेट (टूल किती सरकवायचं तो आकडा) पाठवतं. तरी लाइनवर ४०.०१८ आलेला पीस सीएमएमवर (कोऑर्डिनेट मेजरिंग मशीन) ४०.००५ दाखवतो, आणि दोन शिफ्टच्या सरासरीतच ५-६ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) फरक येतोय. गेज आर अँड आर (तेच पीस परत परत, वेगवेगळ्या माणसांनी मोजले की रीडिंग किती हलतं त्याची चाचणी) ९ टक्के आहे, कॅलिब्रेशन सर्टिफिकेट ताजं आहे. वरचे म्हणतात ऑपरेटर नीट मोजत नाहीत. मला हे पटत नाही पण दाखवायला हातात काही नाही. सुरुवात कुठून करू?

जुना मेट्रॉलॉजीवाला:
आधी टेंपरेचर मोजा, पीसचं आणि सेटिंग रिंगचं (जिच्यावर गेज सेट करता ती), दोन्हीचं वेगवेगळं. ॲल्युमिनियम मीटरमागे डिग्रीला साधारण २३ मायक्रॉन वाढतं, स्टील साडेअकरा. पीस मशीनमधून निघाला ४० डिग्रीला आणि स्टीलची रिंग टेबलावर २८ ला असं धरा, तर २० डिग्रीच्या मानाने तुमचा बोअर १८ मायक्रॉन फुगलेला आणि रिंग पावणेचार, म्हणजे गेज १४-१५ मायक्रॉन जास्तच सांगणार, त्यात ऑपरेटरचा काय दोष? २० डिग्री हे संदर्भ तापमान १९३१ मध्येच ठरलंय, ड्रॉइंगवर काही लिहिलेलं नसेल तर माप २० चंच धरायचं. आणि जास्त काळजी खालच्या बाजूची करा, लाइनवर ४०.०१० म्हणून हिरवा झालेला गरम पीस थंड झाला की ३९.९९६ होतो, मग कस्टमरकडे बेअरिंग घट्ट बसतं म्हणून ओरड.

सर्टिफिकेटवरची अनसर्टन्टी (माप किती इकडेतिकडे असू शकतं तो आकडा) लॅबमधली असते, २० डिग्रीला, लॅबच्या माणसाच्या हाताने. तुमच्या लाइनवरची गरमी, हात, रिंग हे सगळं त्यात तुम्हालाच धरायचंय, प्रत्येकाचा वर्ग करून बेरीज, मग वर्गमूळ, आणि ९५ टक्क्यांसाठी दुप्पट. समजा ६ मायक्रॉन आली तर आयएसओ १४२५३-१ च्या (अनसर्टन्टी धरून पीस पास-नापास कसा ठरवायचा त्याचं स्टँडर्ड) हिशोबाने दोन्ही टोकांना साधारण ५-५ सोडायचे, २५ मधले १५ उरतात. हे वरच्यांना कागदावर दाखवा, बघा काय म्हणतात.

शिफ्टचा फरक मात्र हाताचा असू शकतो. बोअर गेज हलवून सगळ्यात कमी रीडिंग पकडावं लागतं, गेज अक्षाला १ डिग्री जरी कलता राहिला तरी ४० च्या बोअरला ६ मायक्रॉन जास्त दिसतं.

चाकणचा क्वालिटीवाला:
सर खूप आभार, टेंपरेचर उद्याच बघतो. आर अँड आर आमच्या क्यूए (क्वालिटी) डिपार्टमेंटच्या तिघांनी एसी रूममध्ये केला होता, १० पीस, प्रत्येकी ३ वेळा. तो चालणार नाही का मग?

डेटा बघणारा:
चालणार नाही भाऊ. तो क्यूएच्या तिघांचा निकाल आहे, लाइनवरच्या माणसांचा नाही. सेकंड शिफ्टचेच ऑपरेटर घ्या, लाइनवरच, पीसचे नंबर झाका आणि क्रम दर फेरीला बदला, नाहीतर मागचं रीडिंग डोक्यात राहतं आणि हात आपोआप तिकडे जातो. टॅबवरचा लाल-हिरवा रंग पण तेवढ्यापुरता बंद ठेवा.

आता एक काम करा, सगळ्या रीडिंगचा हिस्टोग्राम (कुठलं माप किती वेळा आलं त्याचा आलेख) काढा. ४०.०२५ च्या अलीकडे ढीग आणि पलीकडे एकदम काहीच नाही असं दिसलं तर समजा लाल आलं की पोरं हिरवं येईपर्यंत परत परत गेज घालतायत, कारण लाल पाठवलं की सुपरवायझरला उत्तर द्यावं लागतं. ही चोरी नाही, भीती आहे, आणि ती तुमच्या सिस्टीमनेच घातलीय. बटणाचं प्रत्येक रीडिंग साठवा, शेवटचंच नको, आणि लाल पाठवणाऱ्याला कुणी बोलणार नाही हे वरच्यांकडून वदवून घ्या.

ऑफसेटचं तर लगेच थांबवा. एकेका पीसच्या रीडिंगवर पूर्ण करेक्शन दिलं की जे नुसतं मोजण्यातलं हलणं होतं ते पुढच्या पीसच्या खऱ्या मापात उतरतं. प्रोसेस स्थिर असताना असं सारखं करेक्शन देत राहिलं तर व्हेरिएन्स (मापांच्या पसरटपणाचा आकडा) दुप्पट होतो. ५ पीसची सरासरी घ्या आणि खरंच सरकलंय असं चार्टवर दिसलं तरच हात लावा.

सीएनसी ऑपरेटर:
मी अशाच लाइनवर काम करतो म्हणून लिहितोय. एक तर हातात कूलंटने भिजलेले ग्लोव्हज असतात, टॅबचा टच लागत नाही, मग माणूस एका हाताने गेज धरून दुसऱ्या हाताचा ग्लोव्ह काढतो आणि नेमका तेव्हाच गेज कलतो, बटणही तेव्हाच दाबलं जातं. रीडिंग पाठवायला पायाखाली स्विच द्या, दोन्ही हात गेजवर राहतील. दुसरं म्हणजे गेजला मिनिमम होल्ड (सगळ्यात कमी रीडिंग धरून ठेवायची सोय) असेल तर पीस बदलताना तो रिसेट झाला का बघा, रिसेट करायचा राहून गेला आणि नवा बोअर मोठा असला तर आधीच्या पीसचंच कमी रीडिंग तसंच दिसत राहतं. आणि सायकल टाइम इतका घट्ट ठेवलाय की पीस थंड व्हायला वेळच नाही, ४-५ पीस रांगेत ठेवून पहिला मोजायचा असं ठरवलं तर लाइन न थांबवता होतं. रिंग पण मशीनच्या कंट्रोल पॅनलवर ठेवू नका, ती तिथे गरम होते, पीस थंड होतात तिथेच ठेवा.

चाकणचा क्वालिटीवाला:
दादा, पाय-स्विचचं आमच्या कुणाच्याच डोक्यात नव्हतं, सोमवारीच मागवतो. आर अँड आर सेकंड शिफ्टला लावतोय, हिस्टोग्राम निघाला की इथेच टाकतो.