स्मोकरची शेगडी होईल का?

मी (ऑस्टिन), गुरुवार रात्री:
सर्वांना नमस्कार. येत्या शनिवारी आमच्याकडे पंचवीस-तीस मराठी माणसे जेवायला येणार आहेत. मक्याची कणसे, भरताची वांगी, पनीर आणि कोंबडीच्या तंगड्या असे सगळे कोळशावर भाजायचे ठरले आहे. अडचण अशी की माझ्याकडे साधी शेगडी नाही. आहे तो टेक्सासमधल्या घराघरांत दिसणारा ऑफसेट स्मोकर, म्हणजे एक आडवे लोखंडी पिंप, त्याच्या एका टोकाला किंचित खाली जोडलेली विस्तवाची पेटी आणि दुसऱ्या टोकाला धुराडे. गेल्या आठवड्यात पेटीत ओकची लाकडे जाळून पिंपात कणसे ठेवून पाहिली, तर तासाभराने ती मऊ झाली आणि त्यांना धुराचा वासही लागला, पण एकही दाणा करपला नाही. लिंबू आणि तिखट-मीठ चोळून खाल्ली तरी उकडलेलीच लागली. म्हणून विचारतो की पेटी रिकामी ठेवून पिंपातच, जाळीखाली, थेट कोळसा पसरला तर चालेल का?

दादा (डॅलस):
माझे मत विचारशील तर करू नकोस. हे यंत्र मांस विस्तवापासून दूर ठेवून दहा-बारा तास २२५ ते २७५ अंश फॅरनहाइटवर शिजवण्यासाठी बनवलेले आहे. जाळ पेटीत राहतो, धूर आणि गरम हवा पिंपातून वाहत धुराड्याकडे जाते, आणि ब्रिस्केटसारखा चिवट तुकडा त्यामुळेच मऊ होतो. बाजारातल्या स्वस्त स्मोकरचा पत्रा जेमतेम दोन मिलिमीटरचा असतो, त्यामुळे त्यावर निखारे ओतलेस तर खालचा रंग जळून पोपडे निघतील आणि पत्रा वाकला तर झाकणही नीट बसणार नाही. पाव इंच जाड पोलादाचा असता तर गोष्ट वेगळी होती.

काका (सांगली):
तुमच्याकडे रात्र असेल, इथे माझा सकाळचा चहा चालू आहे. पत्र्याचा मुद्दा बरोबर आहे, पण खरा प्रश्न हवेचा आहे. आजीची लोखंडी शेगडी आठवा. मध्ये भोकांची जाळी आणि खाली छोटे दार. त्या दारातून राख काढायची आणि पंख्याने वाराही तिथूनच घालायचा. निखारा खालून श्वास घेतो. साखर कारखान्यात मी बत्तीस वर्षे बॉयलर सांभाळला. तिथेही चिपाड जळायचे ते खालून हवा मिळाल्यामुळेच, आणि जाळीत राख साचली की वाफेचा दाब उतरू लागायचा. आता मला एवढेच सांग की तुझ्या पिंपाच्या तळाला काय आहे?

मी:
काका, तळ बंद आहे. चरबी निथळून जाण्यासाठी एक भोक आहे आणि त्याखाली छोटी बादली टांगलेली आहे. हवा येते ती फक्त पेटीच्या झडपेतून. तळापासून भाजायच्या जाळीपर्यंतचे अंतर मोजले, ते २० सेंटिमीटर भरले.

काका:
मग तळावर कोळसा ओतलास तर पहिली पंधरा मिनिटे उत्तम जातील आणि पुढे निखारे स्वतःच्याच राखेत बुडून मंदावतील. शिवाय तळावरचे निखारे पदार्थापासून फार लांब पडतात. म्हणून मध्ये एक जाडसर लोखंडी जाळी पाय लावून तळापासून पाच सेंटिमीटर उंच बसव, म्हणजे खालून हवा खेळेल आणि राखही खाली पडेल. त्यावर निखाऱ्यांचा पाच सेंटिमीटरचा थर धरला तर पदार्थ दहा सेंटिमीटरवर येतो. एवढे अंतर मला योग्य वाटते. मात्र जस्ताचा मुलामा दिलेली जाळी घेऊ नकोस, कारण ती तापली की जस्ताचा विषारी धूर निघतो. पेटीची झडप पूर्ण उघडी ठेव, धुराडेही उघडे ठेव आणि झाकण टाक; हवेची ओढ आपोआप लागेल.

वहिनी (डॅलस):
काकांना नमस्कार. भावजी, जाळी लावण्याआधी पिंप खरवडून घ्या, ही माझी कळकळीची विनंती आहे. मागच्या वर्षी आम्ही हाच प्रयोग केला होता (तुमचे दादा हे सांगणार नाहीत). तळाला आधीच्या चार-पाच वेळच्या चरबीचा थर होता, त्यावर निखाऱ्याची ठिणगी पडली आणि धुराड्यातून हातभर ज्वाळा निघाली. हे पाण्याचा पाइप घेऊन धावले, तेव्हा मी त्यांना अडवले. जळत्या चरबीवर पाणी टाकले की ती उसळून अंगावर येते. झाकण, झडप आणि धुराडे बंद करून वाट पाहिली, तेव्हा दहा मिनिटांत सगळे विझले. बादलीसुद्धा आधी रिकामी करा.

दादा:
हे खरे आहे, आणि माझा विरोध त्यातूनच आला आहे. पण एक मधला मार्ग सुचवतो. तुझ्या पेटीचे झाकण वरून उघडते ना? मग पेटीलाच शेगडी कर. तिला खाली जाळी आहे, बाजूला हवेची झडप आहे, आणि तो पत्रा जाळ सोसण्यासाठीच असतो. वर एक लोखंडी जाळी टाकलीस की काम झाले. आम्ही हल्ली दोघांपुरते असेच भाजतो.

मी:
दादा, ते मलाही सुचले होते, पण पेटीवर एका वेळी सहा कणसे मावतात आणि माणसे तीस आहेत.

काका:
मग दोन्ही करा. पेटीवर वांगी आणि कणसे, पिंपाच्या निम्म्या भागात निखारे आणि निम्मा भाग रिकामा. तंगडी निखाऱ्यावर रंगली की रिकाम्या बाजूला सरकवायची, म्हणजे चरबी निखाऱ्यावर गळत राहणार नाही आणि आतून शिजेपर्यंत बाहेरून कोळसाही होणार नाही.

वहिनी:
हाडाजवळ थर्मामीटर खुपसून १६५ अंश फॅरनहाइट दिसल्याशिवाय कोंबडी वाढू नका. झाकणावरच्या तापमानाच्या काट्याला त्या दिवशी अर्थ नाही. कोळसा चिमनी स्टार्टरमध्ये (कोळसा पेटवायच्या उभ्या नळकांड्यात), वरच्या खड्यांवर करडी राख येईपर्यंत पेटवून मगच ओता आणि पेटवायचे तेल मुळीच वापरू नका, त्याचा वास पिंपात बसतो. कुंपणापासून किमान तीन मीटर लांब राहा, आणि तुमच्या काउंटीने कोरड्या हवेमुळे उघड्यावरच्या जाळावर बंदी घातली आहे का, ते शनिवारी सकाळी पाहा.

आत्या (जळगाव):
इतका वेळ सगळे लोखंडाबद्दल बोलत आहेत, वांग्याबद्दल कोणीच नाही! आमच्याकडे भरताची वांगी पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या, जाळात भाजतात. पऱ्हाट्या तिकडे मिळणार नाहीत, तेव्हा वांगे जाळीवर न ठेवता सरळ निखाऱ्यात ठेव. आधी तेलाचे बोट लाव आणि सुरीने चार ठिकाणी टोच, नाहीतर वाफेने फुटते. साल पूर्ण काळी होऊन देठाजवळ बोट रुतले म्हणजे झाले. तिकडची जांभळी वांगी जाड असतात, वेळ लागेल, घाई करू नकोस.

मी, रविवार सकाळ:
सगळ्यांचे आभार. शुक्रवारी पिंप खरवडले, तर तळातून दोन वाट्या चरबी निघाली. वहिनींचे ऐकले नसते तर काय झाले असते, ते आता कळते. वांगी पेटीतल्या निखाऱ्यांत वीस-पंचवीस मिनिटांत झाली आणि कणसे त्याच पेटीवर सहा-सहा करून भाजली. या दोन्हींवर लोक सर्वांत खूश होते. पिंपातले काम मात्र मला मध्यमच वाटले. तंगड्या चांगल्या झाल्या, पण पाऊण तासानंतर पेटीपासून लांबच्या टोकाचे निखारे मंदावले आणि पनीर पांढरेच राहिले. उलट पेटीजवळ हवा इतकी लागली की तिथे कोळसा दुप्पट वेगाने संपला. दादाचे भाकीतही खरे ठरले आहे: पिंपाच्या पोटावर तळहाताएवढा रंग उडाला आहे.

काका:
लांबच्या टोकाला हवा पोहोचेपर्यंत तिच्यातला प्राणवायू जवळच्या निखाऱ्यांनी खाल्लेला असतो. पुढच्या वेळी निखारे पेटीच्या बाजूलाच ठेव आणि धुराड्याकडची बाजू रिकामी सोड. रंग उडालेला भाग घासून त्यावर उष्णता सोसणारा रंग मार. राख काढलीस का? ओल लागलेली राख लोखंड खाते.

मी:
काढली, काका. झाकण असलेल्या पत्र्याच्या बादलीत घालून अंगणात सिमेंटवर ठेवली आहे. आत्ता हात लावून पाहिला तर बादली अजून कोमट आहे, तेव्हा आणखी एक दिवस कचऱ्यात टाकत नाही.

आत्या:
भरीत उरले आहे का?

मी:
नाही, आत्या.