बोली वेगळी पडते ती शिक्षणाअभावी नव्हे
खालच्या मानल्या गेलेल्या समाजांची बोली शिक्षण कमी पडल्यामुळे वेगळी होते, असं अनेकदा म्हटलं जातं. मला ते मुळीच पटत नाही.

भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबोव्ह यांचा मार्थाज व्हिनयार्ड या अमेरिकी बेटाचा अभ्यास १९६३ साली आला. तिथे काही संयुक्त स्वरांचा खास बेटावरचा उच्चार पुन्हा बळावत होता. सर्वांत ठळकपणे तो म्हाताऱ्यांच्या नव्हे, तर साधारण तिशी ते पंचेचाळिशीतल्या माणसांच्या तोंडी होता, आणि त्यातही मासेमारांच्या. उन्हाळ्यात बेटावर बाहेरच्यांची रीघ लागायची, जमिनी त्यांच्या हाती जात होत्या. ज्यांना बेट सोडायचं नव्हतं त्यांचा उच्चार गडद. जे निघून जाण्याच्या तयारीत होते त्यांचा फिका. कॉलेजात शिकून मुद्दाम परतलेल्या तरुणाचाही उच्चार गडदच होता! शिक्षणाचा मुद्दा इथेच कोसळतो. ‘मी इथला’ हे माणूस स्वरातून सांगत असतो, बहुतेकदा त्याच्या नकळत.

याची दुसरी बाजू सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडमध्ये दिसते. गंपर्झ आणि विल्सन या अभ्यासकांनी १९७१ साली दाखवलं की तिथल्या कन्नड, मराठी आणि उर्दू बोलींची वाक्यरचना शतकांच्या शेजारामुळे जवळजवळ एकसारखी झाली होती. शब्द मात्र ज्याचे त्याचे राहिले, कारण घरची भाषा ही त्या त्या समाजाची ओळख होती. व्यवहारासाठी व्याकरण जवळ आलं, ओळखीसाठी शब्द वेगळे टिकले. यात अडाणीपणा कुठे आहे?