बारावीनंतर अमेरिकेत जाऊन तिथेच डॉक्टर व्हायचं: हा हट्ट कुणी धरावा?

घाटमाथा:
पुण्या-ठाण्याकडचे अ‍ॅडमिशन कन्सल्टंट हल्ली नवीन गाजर दाखवतात. नीटची कटकट नको, बारावी झाली की अमेरिकेत प्री-मेड करा आणि मग तिथल्याच कॉलेजातून एमडी, म्हणजे आपल्या एमबीबीएससारखी तिथली डॉक्टरकीची पहिली पदवी. माझं मत सरळ आहे. भारतीय पासपोर्टवर हा जुगार आहे, आणि तो आई-बापांच्या फ्लॅटवर खेळला जातो.

मुळात प्री-मेड ही पदवी नाही. कुठल्याही विषयात चार वर्षांची पदवी करायची आणि सोबत बायो, केमिस्ट्री, फिजिक्सचे ठरावीक कोर्स घ्यायचे, एवढंच ते. त्यानंतर एमकॅट ही प्रवेश परीक्षा, मग अर्ज. एमडी देणारी कॉलेजं दीडशेहून जास्त आहेत, पण परदेशी नागरिकाचा अर्ज बघणारी त्यातली साधारण एक तृतीयांश. सरकारी कॉलेजांना आपल्या राज्याची मुलं हवी असतात. टेक्सासात तर सरकारी कॉलेजच्या ९० टक्के जागा तिथल्या रहिवाशांसाठी आहेत. दरवर्षी बावीस-तेवीस हजार मुलं एमडीला लागतात, त्यात परदेशी टक्काभर, आणि त्यातलेही बरेच कॅनडाचे.

एवढं करून लागलाच नंबर, तर चार वर्षांचा खर्च खासगी कॉलेजात साडेतीन-चार लाख डॉलर. अमेरिकेच्या केंद्र सरकारचं शैक्षणिक कर्ज परदेशी मुलांना नाही. काही कॉलेजं एक ते चार वर्षांची फी आधीच एस्क्रो (त्रयस्थाकडच्या राखीव) खात्यात भरून मागतात. आणि नंबर नाही लागला तर? हातात बायोलॉजीची पदवी आणि एफ-वन हा विद्यार्थी व्हिसा. त्यापेक्षा इथे एमबीबीएस करा, यूएसएमएलई ही तिथली डॉक्टरी परवान्याची परीक्षा द्या, थेट रेसिडेन्सीला, म्हणजे हॉस्पिटलातल्या विशेष प्रशिक्षणाला जा.

शल्यक:
"इथे एमबीबीएस करा" हे अशा सुरात लिहिलंय की जणू कॉलेज कोपऱ्यावर आहे. २०२४ च्या नीटला २४ लाख मुलांनी नोंदणी केली होती. जागा लाखाच्या थोड्या वर, त्यात सरकारी निम्म्या. आपल्याकडच्या बऱ्याच अभिमत विद्यापीठांत वर्षाला वीस लाखांच्या वर फी आहे, म्हणजे कोटभर इथेच गेले.

मी तुम्ही सांगता त्याच वाटेने आलोय, म्हणून लिहितो. २०२५ च्या मॅचमध्ये (रेसिडेन्सीच्या जागावाटपात) अमेरिकन एमडी कॉलेजांच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांपैकी ९३ टक्क्यांना जागा मिळाली, आमच्यासारख्या परदेशात शिकलेल्या परदेशी नागरिकांपैकी ५८ टक्क्यांना. त्यातही मेडिसिन, पीडिअ‍ॅट्रिक्स, फॅमिली मेडिसिन. ऑर्थो किंवा डर्मा म्हणालात तर मुलाखतीचं पत्रसुद्धा दुर्मीळ. जानेवारी २०२२ पासून यूएसएमएलईच्या पहिल्या टप्प्याला, स्टेप वनला, गुण देत नाहीत, फक्त पास-नापास. रट्टा मारून २६० आणायचे आणि त्यावर आत शिरायचं, हे आपलं जुनं हत्यार गेलं. शिवाय जे-वन या एक्स्चेंज व्हिसावर आलात तर शिक्षण संपल्यावर दोन वर्षं भारतात परत, नाहीतर आडगावात नोकरी घेऊन सूट मागायची. ती सूट एका राज्याला वर्षाला ३० डॉक्टरांपुरती.

तुम्ही एकाच बाजूचा खर्च मोजलाय.

घाटमाथा:
९३ टक्के हे आत शिरलेल्यांचे. आत शिरतात किती ते वर लिहिलंच आहे. आणि तुमच्या ५८ मध्ये न बसलेला मुलगा सांगलीत येऊन प्रॅक्टिस करू शकतो. बायोलॉजीच्या पदवीवर काय करेल?

एडिसनची_काकू:
तुम्ही दोघं फक्त महाराष्ट्रातून निघणाऱ्या मुलांबद्दल बोलताय. आमची लेक चार वर्षांची असताना इथे आली. एच-फोरवर, म्हणजे आमच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर वाढली, रविवारी मराठी शाळेत गेली, बाकी सगळं शिक्षण न्यू जर्सीत. ईबी-टू या नोकरीवरच्या वर्गातली भारतीयांची ग्रीन कार्डची रांग २०१३ च्या आसपासच्या अर्जांवर अडकून पडलीय. ती एकवीस वर्षांची झाली आणि आमच्या अर्जातून बाहेर पडली. आता एफ-वन. एमकॅट उत्तम, दवाखान्यात स्वयंसेवक म्हणून काम, लॅबमध्ये संशोधन, सगळं तिच्या अमेरिकन मैत्रिणींसारखंच. फॉर्मवर नागरिकत्वाच्या रकान्यात भारत लिहिलं की ती 'इंटरनॅशनल'.

एका कॉलेजने दुसऱ्या फेरीच्या अर्जाची फी घेतली आणि नंतर कळवलं की परदेशी नागरिकांना आम्ही घेत नाही. फी परत नाही. हिला आता "नीट दे, एमबीबीएस कर" म्हणून सांगू? ज्या देशात ती फक्त उन्हाळ्याच्या सुट्टीत आजीकडे राहिलीय तिथे? जुगार म्हणा हवं तर. पत्ते आम्ही पिसलेले नाहीत.

घाटमाथा:
काकू, तुमच्या लेकीसाठी ही एकच वाट आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. माझा राग नाशिकच्या मुलाला हे विकणाऱ्यांवर आहे.

टपरीवरचा_चहा:
इतका रडका सूर कशाला? न्यूयॉर्क विद्यापीठाच्या ग्रॉसमन कॉलेजने २०१८ मध्ये ट्यूशन माफ केली. आइन्स्टाइनला २०२४ मध्ये रूथ गॉट्समन बाईंनी शंभर कोटी डॉलर दिले, तिथेही माफ. अर्ज करायला काय जातंय? आनंदीबाई १८८३ साली गेल्याच ना!

शल्यक:
मी अमेरिकेतच शिकण्याच्या बाजूचा, तरी हे पटत नाही. अर्ज करायला काय जातं ते काकूंना विचारा. ट्यूशन माफ म्हणजे न्यूयॉर्कचं भाडं माफ नव्हे. आधी परदेशी नागरिकांबद्दलचा नियम वाचायचा आणि मग फीचा. आणि आनंदीबाईंना मध्ये आणू नका. फिलाडेल्फियाच्या त्या बायकांच्या कॉलेजात तेव्हा जपानच्या केइ ओकामी होत्या, सीरियाच्या सबात इस्लामबूली होत्या. ते दार परदेशी मुलींना उघडं होतं. इथे दाराचाच प्रश्न आहे.

पिपेट:
एक वाट कुणी लिहिली नाही. येलसारखी मोजकी कॉलेजं परदेशी विद्यार्थ्यालाही गरजेनुसार मदत देतात. दुसरं, एमडी-पीएचडी: त्यात फी माफ आणि वर विद्यावेतन. पण एनआयएच या तिथल्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेचा प्रशिक्षण निधी नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांनाच, त्यामुळे कॉलेज स्वतःच्या खिशातून देणार असेल तरच. आठेक वर्षं जातात. संशोधनाची खरी ओढ नसेल तर फक्त पैसे वाचवायला या फंदात पडू नये, लॅबमध्ये जीव नकोसा होईल.

शल्यक:
घाटमाथा, अजून एक हिशेब. सप्टेंबर २०२५ मध्ये एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलरची फी आली. ती मुख्यतः देशाबाहेरून येणाऱ्यांवर. अमेरिकेतच शिकून एफ-वनवरून व्हिसा बदलणाऱ्याला नाही. म्हणजे तुमच्या एमबीबीएसवाल्याला रेसिडेन्सीसाठी एच-वन-बी द्यायला हॉस्पिटल दहादा विचार करेल, काकूंच्या लेकीसाठी नाही.

घाटमाथा:
आणि मुलगा आज बारावीत असेल तर त्याची रेसिडेन्सी आठ वर्षांनी. तोवर व्हाईट हाऊसमध्ये कोण असेल ते सांगा, मग हा हिशेब मांडू.

मायक्रोवाली:
मध्येच विचारते. मुंबई विद्यापीठातून बीएस्सी मायक्रो केलंय. थेट एमकॅट देऊन अर्ज चालेल का?

एडिसनची_काकू:
एमकॅट देता येईल, पण प्रवेश अवघड गं. तुझे मुंबईचे गुण त्यांची अर्जाची यंत्रणा तपासत नाही आणि सरासरीतही धरत नाही. बहुतेक कॉलेजांना अमेरिका किंवा कॅनडातलं शिक्षण लागतं, कुठे एक वर्षाचं, कुठे ९० क्रेडिट. म्हणजे आधी इथे पुन्हा शिकायचं. पैसे कुणाचे लागणार आहेत, ते लिही म्हणजे पुढचं सांगते.