आई-वडील, सासू-सासरे: एका छपराखाली की हाकेच्या अंतरावर?
(कोल्हापूरकरांची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव.)

उद्यमनगरी
मंडळी, थेट विषयाला हात घालतो. आई-वडील शिवाजी पेठेतल्या जुन्या घरात, मुलगा-सून कळंब्याला फ्लॅटमध्ये. वडील 74, आई 69, दोघं हिंडतीफिरती. आणि सगळ्या पाहुण्यांचा एकच रेटा, "आता एकत्र राहा की." अशी घरं कोल्हापुरात आता गल्लीगल्लीत आहेत. माझं मत, एकत्र येऊ नका. जवळ राहा, पण दोन चुली ठेवा.

जवळ म्हणजे किती? किलोमीटर सोडा. सोमवारी संध्याकाळी सातला गाडी काढा आणि त्यांच्या उंबऱ्यापर्यंत किती मिनिटं लागतात ते बघा. पंधराच्या आत असेल तर जवळ. नवरात्रात महाद्वार रोडच्या बाजूला चारचाकी शिरत नाही, तेव्हा पेठेतून माणूस बाहेर कुठल्या बोळातनं काढायचा, हेही आधीच चालून बघा. किल्लीच्या दोन नकला, एक तुमच्याकडं, एक समोरच्या काकूंकडं. आतून कडी लावायची सवय मोडली नाही तर या दोन्ही किल्ल्या शोभेच्या. बाहेरून उघडणारं लॅच बसवा.

आता यात चुकतं कुठं? "जाऊन येतो" म्हणून गेलेला मुलगा पाहुणा होतो. सत्तरीची आई चहा टाकते, पोहे करते, हा खाऊन ढेकर देऊन निघतो. जाल तेव्हा एक काम करून या. रविवारी गोळ्यांचा डबा भरा, सात दिवस गुणिले चार खण. फ्रीज उघडा. खराब झालेली भाजी, एकाच वस्तूची तीन पाकिटं, दोनदा आणलेलं दूध दिसलं तर विसरभोळेपणा वाढतोय. बोलण्यातनं ते महिनोन् महिने कळत नाही, फ्रीजमध्ये आधी दिसतं. लाइटबिल भरलंय का, गॅसची नळी कधी बदलली, एवढं बघून मग चहा घ्या.

पेठकर
भावा, दिवसाचं गणित बरोबर हाय, रात्रीचं चुकलंय.

म्हातारी माणसं पडतात ती बऱ्याचदा रात्री बाथरूमला जाताना. अंधार, डोळ्यांवर झोप, झटक्यात उठल्यावर बीपी खाली येतं आणि उंबऱ्याला पाय अडकतो. तुमची पंधरा मिनिटं फोन आल्यावर सुरू होतात. पडलेला माणूस फोनपर्यंत पोचतो का? फोन हॉलमध्ये चार्जिंगला.

त्याहून अवघड गोष्ट लकव्याची. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि हे तास माणूस शेवटचा धडधाकट दिसला तिथून मोजतात. रात्री दहाला झोपला, सकाळी सातला शेजारणीनं तोंड वाकडं झालेलं बघितलं, तर घड्याळ दहाला सुरू झालेलं असतं. म्हणजे डॉक्टरच्या हिशेबात नऊ तास गेले. त्याच घरात कोणी झोपलेलं असतं तर पहाटे चारला बाथरूमला उठताना बोललेलं, चाललेलं बघितलं असतं, आणि घड्याळ चारला सुरू झालं असतं. सातला तीनच तास गेलेले असते, दीड तास हातात राहिला असता. हा फरक एका छपराचा.

म्हणून माझं म्हणणं, दोघांतला एक जण गेला, किंवा एकदा जरी पडणं झालं, की दोन चुलींचा हट्ट सोडा. एकत्र या आणि घर दुरुस्त करा. जुन्या वाड्यात फार काही लागत नाही:

कमोडची उंची जमिनीपासून 17 ते 19 इंच. शेजारच्या भिंतीत स्टीलचा दांडा, 33 ते 36 इंचांवर, अँकर बोल्टनं पक्का. टॉवेल टांगायच्या दांडीला धरून उठतात आणि दांडीसकट खाली येतात, तिच्यावर भरवसा नको. जुन्या मातीच्या भिंतीत बोल्ट धरत नाही, तिथं जमिनीत पाय असलेला दांडा लावा. बाथरूमचं दार बाहेर उघडणारं हवं. आत उघडणाऱ्या दारामागं माणूस पडला की तोच दाराला पाचर होतो, मग दार फोडावं लागतं. पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रभर छोटा दिवा. पायपुसणी काढून टाका, त्यांच्याइतकं घसरणारं दुसरं काही नाही. हे सगळं करायला एक गवंडी आणि एक प्लंबर, दोन दिवसांचं काम.

बावड्याची सून
पेठकर, दांडा, कमोड, दार सगळं मान्य. पण पहाटे चारला उठून बघणार कोण? "एकत्र या" या दोन शब्दांत कर्ता गाळलाय. कोल्हापुरात त्याचा कर्ता सून असते, तिला विचारलेलं असो वा नसो.

आणि तिचे आई-वडील? ते कागलला, गडहिंग्लजला, इचलकरंजीला. त्यांची ती एकुलती असेल किंवा भाऊ परदेशी असेल. सासूबाईंना दर दोन महिन्यांनी डॉक्टर, तिच्या आईला मात्र "फोन कर की." कायद्यात लेकीची जबाबदारी लेकाइतकीच आहे. लग्न झालेल्या मुलीलाही आई-वडिलांना पोटगी द्यावी लागते, हे सर्वोच्च न्यायालयानं 1987 सालीच सांगितलंय. उलट सुनेवर सासू-सासऱ्यांची अशी जबाबदारी 2007 च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात नाही, त्यातल्या 'मुलं' या व्याख्येत सून-जावई बसत नाहीत. जे कागदावर नाही ते सगळं तिच्या अंगावर, आणि कागदावर आहे त्यासाठी तिला परवानगी मागावी लागते. गंमतच आहे.

म्हणून "कुठं राहायचं" हा प्रश्न दुसरा. आधी एक कागद घ्या. डाव्या बाजूला कामं लिहा: सकाळच्या गोळ्या, संध्याकाळच्या गोळ्या, अंघोळ, डॉक्टरची तारीख, औषध दुकान, बँक, रात्रीची झोपमोड. वर चार माणसं: मुलगा, सून, मुलगी, जावई. चारही आई-बापांसाठी हा एकच कागद. प्रत्येक कामापुढं एकाचीच खूण. "आम्ही बघू" असं कुणीही लिहायचं नाही. एका उभ्या ओळीत सातपैकी पाच खुणा आल्या तर ती व्यवस्था वर्षभरही टिकत नाही, पगारी माणूस आणावाच लागतो.

पगारी माणसातही घोळ होतो. घरकामाची मावशी, रुग्णाची आया आणि शिकलेली नर्स ही तीन वेगळी कामं. इन्शुलिन टोचायला, नळी सांभाळायला नर्स लागते. अंघोळ, भरवणं, कूस बदलणं आया करते. आयेला भांडी सांगितली की ती तिसऱ्या दिवशी जाते. बारा तास की चोवीस, सुट्टीच्या दिवशी बदली कोण, जेवण कुणाचं, हे पहिल्या दिवशी बोला. आणि पोलीस पडताळणी.

पुणे_मुक्काम
इथं सगळे कोल्हापुरात राहणारेच बोलताहेत. निम्मी पोरं पुण्याला, सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरवर. त्यांनी काय नोकऱ्या सोडायच्या? लांबूनही बरंच जमतं, नीट लावलं तर.

पेन्शनरचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात, ऐंशीच्या पुढच्यांना ऑक्टोबरपासून. आता मोबाइलवर चेहरा दाखवून होतो, बँकेच्या पायऱ्या चढायला नकोत. सत्तरीपुढच्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर 5 लाखांपर्यंत उपचार आहेत. मात्र ते दाखल झाल्यावर, आणि योजनेतल्या रुग्णालयातच. रोजच्या गोळ्या त्यात येत नाहीत. कार्ड आजारपणाआधी काढा. अडतं कुठं? आधारला जोडलेला मोबाइल नंबर बंद पडलेला असतो, ओटीपी येतच नाही. पहिलं काम ते. कॅमेरा लावायचा तर दारावर आणि स्वयंपाकघराच्या वाटेवर लावा, झोपायच्या खोलीत नको. तेही त्यांना विचारून.

आणि रोजच्या फोनवर "बरं आहे ना?" विचारू नका, उत्तर "बरं आहे" हेच येतं. "आज भाजी कुठली केली, कुठनं आणली, संध्याकाळी रंकाळ्यावर कोण भेटलं?" असं विचारा. चार दिवस बाहेर पडलेच नसतील तर लगेच कळतं.

पेठकर
सगळं झकास. पण पंचगंगेला विचारलंय का? राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटाला इशारा, 43 ला धोका. ऑगस्ट 2019 ला आणि जुलै 2021 ला पुणे-बंगळुरू महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद होता, तासांच्या हिशेबात नाही, दिवसांच्या. पुण्याचा मुलगा किणी टोलनाक्यापर्यंत येऊन काय करणार?

पुणे_मुक्काम
मान्य, ते राहिलं. मग जूनच्या पहिल्या आठवड्यात तीन आठवड्यांची औषधं घरात, इन्शुलिन असेल तर वीज गेल्यावर कशात ठेवायचं ते ठरलेलं, डायलिसिस असेल तर नदीच्या कुठल्या बाजूचं केंद्र ते पक्कं. आणि पूररेषेत घर असेल तर 39 ची बातमी आली की उंचावरच्या नातेवाइकाकडं हलवायचं, 43 ची वाट बघायची नाही. पण पेठकर, पुरात गावातल्या गावातही पलीकडं जाता येत नाही. तुमचं एक छप्पर पाण्यात गेलं तर सगळेच अडकतात.

औषधवाला
जागेचं भांडण तुम्ही मिटवा, गोळ्यांबद्दल मात्र थोडं सविस्तर, कारण रात्री पडण्यामागं पुष्कळदा तीच असतात.

पाण्याची गोळी म्हणजे लघवी वाढवणारी. ती डॉक्टरनं सकाळी लिहिलेली असते, घरात रात्रीच्या खणात जाते. मग रात्री चार वेळा उठणं आलंच. प्रोस्टेटची काही औषधं उठल्यावर बीपी पाडतात. त्यांनी पलंगाच्या कडेला पाय सोडून एक मिनिट बसायचं, मगच उभं राहायचं. बीपीची गोळी, पाण्याची गोळी आणि वर गुडघ्यासाठी स्वतःच्या मनानं घेतलेली दुखीची गोळी, हे त्रिकूट किडनीला बाधतं. दुखीची गोळी कुणी लिहून दिलेली नसते, म्हणून डॉक्टरला ती कुणी सांगत नाही. दोन डॉक्टर, दोन कंपन्यांची नावं, आत औषध एकच, हेही नेहमीचं. पाकिटावरचं बारीक अक्षरातलं मूळ नाव वाचा. सगळी पाकिटं, चूर्ण-काढ्यासकट, एका पिशवीत घालून वर्षातून दोनदा एकाच डॉक्टरपुढं उलटी करा.

मधुमेह्याला घाम, थरथर, बरळणं दिसलं आणि साखर 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, 108 लावा.

सातबारा
बावड्याच्या सुनेनं कायदा काढला म्हणून पुढचं. सेवेच्या बोलीवर घर नावावर करण्याची घाई इथं फार. मुलाला किंवा मुलीला राहतं घर बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क नाममात्र (नोंदणीचा बाकी खर्च वेगळा), म्हणून सगळे बक्षीसपत्राकडं धावतात. सांभाळ केला नाही तर त्याच 2007 च्या कायद्याच्या कलम 23 खाली ते रद्द करून मागता येतं. पण सांभाळाची अट नव्हती असं ठरलं तर अर्ज पडतो, सर्वोच्च न्यायालयाच्या 2022 च्या निकालात तेच झालं. जानेवारी 2025 च्या निकालात न्यायालयानं ज्येष्ठांच्या बाजूनं कायदा सैल हातानं वाचला, पण त्या भरवशावर राहू नका. अट दस्तातच लिहा: राहणं, जेवण, औषधपाणी. माझं विचाराल तर बक्षीसपत्र नकोच. मृत्युपत्र करा. दोन साक्षीदार लागतात आणि हयातीत कधीही बदलता येतं.

पोटगीचा अर्ज प्रांताधिकाऱ्यांपुढं, महिना 10,000 पर्यंत. सून घराबाहेर काढायला हा कायदा वापरू बघणाऱ्यांनी डिसेंबर 2020 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचावा. घरगुती हिंसाचार कायद्यातला तिचा राहण्याचा हक्क असा परस्पर उडवता येत नाही.

आणखी एक. बहिणीकडनं हक्कसोडपत्र लिहून घ्यायचं, आणि पाच वर्षांनी आईला तिच्याच दारात सोडायचं, ही रीत पेठेत काय आणि गावात काय, सारखीच. कागदाचा खण भरताना हेही लक्षात असू द्या.

सहाची फेरी
तुमच्यात सर्वांत वडील मीच असेन. हिशेब छान चाललाय, आमच्या कानांचा कुणी काढला नाही. ऐकू येईना की माणूस आधी फोन टाळतो, मग टीव्ही मोठा करतो, मग गप्प बसतो. घरात सगळे म्हणतात, "आण्णा तिरसट झाले." एका छपराखाली असलेला बहिरा माणूस पुण्यातल्या मुलापेक्षा लांब असतो.

श्रवणयंत्र पहिल्या दिवशी नुसता खडखडाट ऐकवतं. रोज तासभर, मग दोन तास, असं महिना-दीड महिना करावं लागतं, मध्ये दोनतीनदा जाऊन आवाज जुळवून घ्यावा लागतो. कित्येक यंत्रं पहिल्या आठवड्यातच कपाटात जातात. छोट्या बॅटरीचा कागद काढल्यावर मिनिटभर हवेत ठेवून मग बसवा, जास्त टिकते. आपल्या पावसात यंत्राला दमट हवा मारते, रात्री शोषक पुडी घातलेल्या डबीत ठेवा. आणि ओरडू नका. समोर बसून, तोंड दिसेल असं, सावकाश बोला.

आणि आम्हाला विचारा. कळंब्याच्या चौथ्या मजल्यावर मला कोण ओळखतं? इथं कट्ट्यावर दोन दिवस दिसलो नाही तर दूधवाला दार वाजवतो.

उद्यमनगरी
आण्णा, दूधवाला माझ्या बाजूनं धरतो. पेठकर, लकव्याच्या घड्याळाला उत्तर नाही, ते घेतो. एकट्या राहिलेल्याच्या घरात रात्री माणूस हवाच. पण तो माणूस त्यांच्या घरी जाऊन झोपावा, त्यांना उचलून आणू नये. बावड्याच्या ताईंच्या कागदात "रात्रीची झोपमोड" हा एक खण आहे, त्याचे सात करा, वारानं. मुलगा चार, मुलगी-जावई तीन. आणि एकत्र यायचंच ठरलं तर आधी तीन महिने करून बघा. तोवर जुनं घर भाड्यानं देऊ नका, भांडीसुद्धा हलवू नका.

पेठकर
वार लावायला हरकत नाही, जावई तीन रात्री येतो का तेवढं बघू. तीन महिने मात्र कमी. हिवाळ्यात कुठल्याबी घरात जमतंय. एक पावसाळा धरा, जून ते सप्टेंबर.

बावड्याची सून
जावई येतोय का बघू नका, त्याचं नाव लिहा. वार पण लिहा.