सहा तासिका की चार मोठ्या तासिका? कॅलिफोर्नियातल्या हायस्कूलचं वेळापत्रक

तासिका (धागा सुरू करणारी सदस्य)

कॅलिफोर्नियातल्या बऱ्याच हायस्कूलांत दिवसाला सहा तासिका आणि प्रत्येक विषय वर्षभर, अशीच मांडणी आहे. माझं मत स्पष्ट सांगते: ती सोडून ‘फोर बाय फोर’ आणावी. म्हणजे एका सहामाहीत फक्त चार विषय, रोज साधारण ८५ मिनिटं, आणि वर्षाचा विषय सहामाहीतच पूर्ण. जानेवारीत नवे चार.

हिशेब मांडते. एका विषयाचे सहामाहीला ५ क्रेडिट, वर्षाला १०. सहा विषय, चार वर्षं, म्हणजे २४ जागा आणि २४० क्रेडिट. अनेक डिस्ट्रिक्ट (शाळा चालवणारी स्थानिक मंडळं) डिप्लोमासाठी २२० ते २३० मागतात. आता जागा भरा: इंग्रजी ४, गणित ३, विज्ञान ३, सामाजिक शास्त्रं ३ (जगाचा इतिहास, अमेरिकेचा इतिहास, बारावीला अर्धं वर्ष गव्हर्नमेंट आणि अर्धं इकॉनॉमिक्स), परभाषा २, कला १, पीई (शारीरिक शिक्षण) २. झाल्या १८. हेल्थची अर्धी. यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) ‘ए ते जी’ यादीतला, म्हणजे प्रवेशासाठी लागणाऱ्या विषयांच्या यादीतला, ऐच्छिक विषय १. उरल्या साडेचार.

ज्या मुलाचं इंग्रजी अजून कच्चं आहे त्याला ईएलडीची (इंग्रजी भाषा विकासाची) रोज एक जादा तासिका लागते. तीन वर्षं धरा, ३ जागा गेल्या. नववीला गणिताची आधार-तासिका, आणखी १. राहिली अर्धी. इथे एका वर्षाच्या विषयात एफ (नापास) आला की ते मूल उन्हाळी शाळेवर अवलंबून. आणि डी आला तर आणखी वाईट, कारण शाळा डीला क्रेडिट देते, डिप्लोमा मिळतो, पण यूसी आणि सीएसयूला (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) ‘ए ते जी’ विषयात किमान सी लागतो. रिपोर्टवर सगळं ‘पास’ दिसतं आणि घरच्यांना बारावीच्या ऑक्टोबरात कळतं की अर्जच करता येत नाही.

फोर बाय फोरमध्ये जागा ३२. ऑगस्टमधल्या अल्जिब्रात घसरलेलं मूल जानेवारीत पुन्हा तोच विषय घेऊन त्याच वर्षी रुळावर येतं. ज्यांना एकही चूक परवडत नाही, त्यांच्यासाठी या आठ जागा हव्यात.

बीजगणित

३२ जागा कुठून आल्या ते सांगितलं नाहीत. त्या तासांतून कापून आल्या.

५५ मिनिटं गुणिले १८० दिवस म्हणजे ९,९०० मिनिटं, १६५ तास. ८५ गुणिले ९० म्हणजे ७,६५० मिनिटं, एकशे साडेसत्तावीस तास. प्रत्येक विषयाचे साडेसदतीस तास गेले, जवळपास २३ टक्के. क्रेडिट मात्र तेवढेच, १०. मग मुलाला जास्त मिळालं असं कसं म्हणायचं?

गणितात हे सगळ्यात आधी दिसतं. ८५ मिनिटांत दोन धडे उरकता येत नाहीत. पहिल्या धड्याचा सराव रात्री व्हावा लागतो, तो पचल्यावर दुसरा. वर्ग-समीकरणं सोमवारी शिकवून त्याच तासाला सूत्राने सोडवायला लावली की मंगळवारी निम्म्या वर्गाला दोन्ही येत नाहीत. शिवाय खंड पडतो. नववीत ऑगस्ट ते डिसेंबर अल्जिब्रा वन, पुढचा जॉमेट्रीचा वर्ग दहावीच्या जानेवारीत मिळाला तर मध्ये अख्खं वर्ष गणित नाही. अल्जिब्रा टू सुरू होताना अपूर्णांकांच्या बेरजेपासून उजळणी करावी लागते आणि कापलेल्या तासांतले आणखी दोन आठवडे जातात.

एपी (हायस्कूलात घेतलेले कॉलेज पातळीचे विषय) परीक्षा मेच्या पहिल्या दोन आठवड्यांत असतात, साऱ्या देशात एकाच वेळी. ऑगस्टमध्ये घेतलेला विषय डिसेंबरात संपला, परीक्षा चार महिन्यांनी. जानेवारीत घेतला तर परीक्षेपर्यंत १५-१६ आठवडे मिळतात, आणि परीक्षेनंतर वर्ग रिकामाच चालतो.

तासिका

एपीचा मुद्दा खरा आहे, त्याला तोडही आहे. दोन एपी विषय एकाच मोठ्या तासिकेत दिवसाआड, वर्षभर चालवायचे. एपी यूएस हिस्टरी आणि एपी इंग्लिश लँग्वेज ही अकरावीची जोडी सहज जमते, कारण दोन्ही घेणारी मुलं बरीचशी तीच.

खंड पडतो तो वेळापत्रक आंधळेपणाने भरल्यामुळे. मुलांच्या विषयांच्या विनंत्या भरतानाच नियम घालायचा: दोन गणितांमध्ये एका सहामाहीपेक्षा जास्त अंतर नाही. उलट बाजूही बघा. आठवीत अल्जिब्रा न मिळालेलं मूल सहा तासिकांत नववी अल्जिब्रा वन, दहावी जॉमेट्री, अकरावी अल्जिब्रा टू, बारावी प्रीकॅल्क्युलस इथेच थांबतं. कॅल्क्युलस गाठायचं तर एका वर्षी दोन गणितं किंवा पैसे भरून उन्हाळी वर्ग. सॅन फ्रान्सिस्कोने २०१४ पासून आठवीचं अल्जिब्रा बंद केलं आणि हाच पेच सगळ्या शहरापुढे आला. २०२४ मध्ये ते परत आणायचं ठरलं. फोर बाय फोरमध्ये नववीतच अल्जिब्रा आणि जॉमेट्री पाठोपाठ होतात, दहावीत अल्जिब्रा टू, आणि बारावीच्या आत कॅल्क्युलस.

षड्ज

बँड आणि ऑर्केस्ट्राबद्दल कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. वाद्यवृंद सहामाहीत संपवून चालत नाही. डिसेंबरात ट्रॉम्बोन ठेवून ऑगस्टमध्ये उचलला तर ओठांची ताकद गेलेली असते, आणि वसंतातल्या स्पर्धांना अर्धा वृंद नसतो. म्हणजे बँड दोन्ही सहामाह्यांत घ्यावा लागतो. ८ जागा गेल्या, उरल्या २४. सहा तासिकांत ४ जाऊन २० उरतात, तेव्हा संख्येत बँडवाल्यांचा तोटा नाही, हे प्रामाणिकपणे मान्य.

तोटा टक्करीत आहे. शाळेत बँडची एकच तुकडी असते आणि एपी केमिस्ट्रीचीही बहुधा एकच. सहा तासिकांत दोन्ही एकाच तासाला पडायची शक्यता, आंधळेपणाने ठेवलं तर, सहात एक. फोर बाय फोरमध्ये बँड वर्षभर एक मोठी तासिका अडवून बसतो, त्यामुळे कुठल्याही एकुलत्या तुकडीशी टक्कर चारात एक. त्यात तुमच्या एपी जोड्याही वर्षभर एकेक तासिका अडवणार. दोन्ही हव्या असलेल्या मुलाला शेवटी काउन्सेलर (विषय निवडून देणारा शाळेचा सल्लागार) सांगतो, “बँड सोड.”

दुसरी_इंग्रजी

दोन्ही बाजू तासिकेच्या लांबीवर भांडताहेत. मुलं अडकतात ती मास्टर शेड्यूल (अख्ख्या शाळेचं वेळापत्रक) कोणत्या क्रमाने भरलं यावर. सहा असोत की चार, क्रम चुकला तर निकाल तोच.

नीट केलं तर काम असं चालतं. फेब्रुवारीत मुलांच्या विनंत्या घ्यायच्या, पर्यायी विषयांसकट. पर्याय न घेतलेल्या मुलाला ऑगस्टमध्ये जिथे जागा उरली तिथे ढकललं जातं. त्याच वेळी प्रत्येक मुलाचं ट्रान्सक्रिप्ट (आतापर्यंतच्या विषयांची आणि ग्रेडची नोंद) उघडून दोन वेगळ्या याद्या करायच्या: डिप्लोमाला काय कमी आहे, आणि ‘ए ते जी’ला काय कमी आहे. एकाच यादीत टाकलं की डीवाली मुलं लपतात. मग विनंत्यांची संख्या भागिले वर्गाची मर्यादा, एवढ्या तुकड्या. १९० जणांना बायॉलॉजी हवी आणि मर्यादा ३२ असेल तर सहा तुकड्या, १९२ जागा. दोनच जागांची सवड! ऑगस्टमध्ये नवी दहा मुलं आली की सातवी तुकडी लागते आणि शिक्षक नसतो. ते मार्चमध्येच ओळखावं लागतं.

त्यानंतर टक्करीचा तक्ता: कुठल्या दोन विषयांना किती मुलं सामाईक आहेत. षड्ज म्हणताहेत तो बँड आणि एपी केमिस्ट्रीचा पेच इथेच आकड्यात दिसतो, आणि त्या दोन तुकड्या वेगवेगळ्या तासांना ठेवल्या की नशिबावर काही राहत नाही. मग वेळापत्रकाच्या फळ्यावर सगळ्यात आधी एकुलत्या तुकड्या बसवायच्या. पुढे दोन तुकड्यांचे विषय, दोन शाळांत वाटलेले शिक्षक, आणि मगच इंग्रजी नववीसारखे आठ-आठ तुकड्यांचे विषय. शेवटच्या तासाला एकुलती तुकडी ठेवायची नाही. खेळाडू सामन्यांसाठी तेव्हा बाहेर असतात.

प्रत्यक्षात बऱ्याच शाळांत एपी, बँड आणि वरिष्ठ शिक्षकांच्या मोकळ्या तासिका आधी बसतात. ईएलडी आणि विशेष शिक्षणाचे सह-अध्यापनाचे वर्ग (दोन शिक्षक मिळून शिकवतात ते) उरलेल्या जागी. ईएलडी तुकडीही एकुलतीच असते, पण ‘एकुलत्या’ म्हणून तिची गणना होत नाही. मग ती तिसऱ्या तासाला येते, गणिताची आधार-तासिकाही तिसऱ्यालाच, आणि बायॉलॉजीचा सह-अध्यापनाचा वर्गही तिथेच. त्या मुलाला विज्ञान दहावीपर्यंत मिळत नाही आणि नंतर म्हणतात, ते मागे पडलं. माझी मागणी एवढीच: एपीच्या आधी ईएलडी आणि सह-अध्यापन फळ्यावर लावा.

सनीवेल_पालक

महाराष्ट्रातून नववी-दहावीनंतर इथे येणाऱ्या मुलांचं काय? आपल्याकडचे पालक ‘सायन्स घ्यायचं की कॉमर्स’ असं विचारतात.

दुसरी_इंग्रजी → सनीवेल_पालक

इथे शाखा नसतात, प्रत्येक विषयाचा हिशेब वेगळा. येताना नववी-दहावीच्या गुणपत्रिका सीलबंद आणाव्यात, त्यावर शाळा वर्षागणिक क्रेडिट लावते. आपलं गणित बीजगणित आणि भूमिती असं एकत्र शिकवलेलं असतं. ते इथल्या कुठल्या विषयात धरलं हे लेखी घ्या, कारण यूसी जॉमेट्री गाळू देत नाही.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी महत्त्वाचं: सहावी किंवा त्यापुढची दोन वर्षं इंग्रजीखेरीज दुसऱ्या माध्यमाच्या शाळेत झाली असतील तर यूसीची परभाषेची अट त्यावरच पूर्ण होते. परभाषेच्या दोन जागा मोकळ्या होतात, आणि ईएलडी घेणाऱ्या मुलाला त्याच हव्या असतात. काउन्सेलर स्वतःहून हे विचारेलच असं नाही. इंग्रजी माध्यमवाल्यांना हा मार्ग नाही, त्यांनी मराठीची प्रावीण्य परीक्षा चालेल का ते डिस्ट्रिक्टला विचारावं.

आणि जानेवारीत फोर बाय फोर शाळेत येऊ नका, जमलं तर. सहा विषयांत अर्धं वर्ष झालेलं मूल तिथे चार विषय पहिल्यापासून सुरू करतं. सहा ठिकाणचे पाच-पाच क्रेडिट हातात, पण दुसरी सहामाही पूर्ण करायला वर्गच नाही.

बीजगणित

हा शेवटचा मुद्दा भाड्याच्या घरांतून वारंवार हलणाऱ्या कुटुंबांना सर्वात जास्त लागतो, आणि तासिका ज्या मुलांची बाजू मांडताहेत ती हीच मुलं. फॉस्टर केअरमधल्या (सरकारी देखरेखीखाली इतरांकडे वाढणाऱ्या) किंवा बेघर मुलांनी दुसऱ्या वर्षानंतर शाळा बदलली, तर ठराविक अटींवर त्यांना डिस्ट्रिक्टच्या जादा अटींतून सूट मिळते आणि राज्याच्या किमान १३ वर्ष-विषयांवर डिप्लोमा मिळतो. अशाच आणखी काही ठराविक गटांना ती सोय आहे, पण नुसतं घर बदललं म्हणून ती मिळत नाही.

आता पैशांचं. १,२०० मुलांची शाळा, वर्गात ३० मुलं धरा. सहा विषय म्हणजे ७,२०० जागा, २४० तुकड्या. शिक्षक सहापैकी पाच तास शिकवतो, म्हणून ४८ शिक्षक. फोर बाय फोरमध्ये आठ विषय, ९,६०० जागा, ३२० तुकड्या. शिक्षक चारपैकी तीन शिकवतो, वर्षाला सहा, म्हणजे ५३ पेक्षा जास्त. हे पाच शिक्षक कुठून आणणार? ४८ वरच भागवलं तर वर्ग ३३ च्या वर.

तासिका

३३ चा वर्ग, पण शिक्षकाकडे एका सहामाहीत असे तीनच वर्ग. सहा तासिकांत तो १५० मुलांचे निबंध तपासतो, इथे १००. इंग्रजीच्या शिक्षकाला विचारा, त्याला काय हवं ते.

तरी पाच शिक्षकांचा प्रश्न टाळत नाही. प्रत्येक मुलाने आठही विषय घ्यायलाच हवेत असं नाही. बारावीच्या मुलांना कम्युनिटी कॉलेजच्या दुहेरी नोंदणीच्या (शाळा आणि कॉलेज दोन्हीकडे धरल्या जाणाऱ्या) वर्गांत पाठवता येतं, ते कॉलेजचा शिक्षक शिकवतो. ३०० बारावीवाल्यांपैकी प्रत्येकाने दोन विषय तिथे घेतले तर ६०० जागा, २० तुकड्या, म्हणजे तीन शिक्षकांहून थोडं जास्त. उरले दोन.

षड्ज

सगळ्या बारावीने दोन-दोन? कॉलेजला जायला गाडी लागते, आणि वर्ग हायस्कूलमध्ये भरवायचा तर तो शिकवायची पात्रता असलेला माणूस लागतो. ‘झिरो पीरियड’चं (नेहमीच्या शाळेआधीच्या तासिकेचं) असंच झालं. २०२२ पासून राज्याच्या कायद्याने, ग्रामीण डिस्ट्रिक्ट वगळता, हायस्कूल साडेआठच्या आधी सुरू करता येत नाही, मात्र झिरो पीरियडला ते बंधन नाही, म्हणून सातवा विषय साडेसातला ठेवायची वाट मोकळी राहिली. जिथे तेव्हा शाळेची बस नसते, तिथे तो घेतात ती घरून सोडली जाणारी मुलं.

दुसरी_इंग्रजी

तासिका, डिस्ट्रिक्टच्या बोर्डापुढे जाणार असाल तर फोर बाय फोरच्या आधी एक छोटी मागणी ठेवा, तिला बहुधा नवा शिक्षक लागत नाही. अल्जिब्रा वनच्या आठ तुकड्यांपैकी एक जानेवारीत पहिल्यापासून सुरू होणारी ठेवायची, जोडीला त्याच शिक्षकाची आधार-तासिका, रोज ११० मिनिटं. ९० दिवसांत १६५ तास होतात, म्हणजे बीजगणित यांचा एकही तास कापला जात नाही. डिसेंबरात एफ किंवा डी आलेली मुलं तिथे जातात आणि जूनपर्यंत पूर्ण वर्षाचं अल्जिब्रा संपवतात. त्यासाठी ऑगस्टमध्येच दोन सलग तासिका आणि तो शिक्षक राखून ठेवावे लागतात. पहिल्या सहामाहीत त्या तासिकांना त्याच्याकडे हेल्थसारखा अर्ध्या वर्षाचा विषय द्यायचा तर त्याचं क्रेडेन्शियल (शिकवण्याचा परवाना) त्या विषयालाही हवं; ते नसेल तर सहामाहीची गणित-आधार तुकडी द्या.

बीजगणित

याला माझा पाठिंबा. फक्त तुकडी २० वर बंद करा. ३३ नापास मुलं एका खोलीत ११० मिनिटं बसवली तर जूनमध्ये तेच एफ परत येतील.